आरोग्याचा आकडा : अर्थसंकल्प कार्यासनातला एक दिवस

सकाळी 9.45
डिसेंबर महिना. मुंबईच्या गो. ते. रुग्णालय संकुलातल्या आमच्या सार्वजनिक आरोग्य विभागात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या आहेत, कारण हिवाळी अधिवेशनासाठी माणसं नागपूरला गेली आहेत. अर्थसंकल्पाचं काम दोन्हीकडे चालतं. नागपुरात चालू वर्षाच्या पुरवणी मागण्या, मुंबईत पुढच्या वर्षाचे अंदाज. संगणक सुरू होताच मी ‘बीम्स’ ही अर्थसंकल्पाची संगणकप्रणाली उघडते. प्रत्येक लेखाशीर्षाखाली तरतूद किती, वाटप किती आणि खर्च किती, ते आधी पाहते. पुढच्या वर्षाचं बोलणं या तीन रकान्यांपासून सुरू होतं.

10.30
उद्दिष्ट 01, म्हणजे खर्चाच्या प्रकारांपैकी वेतन. अर्थसंकल्पाचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च, पण पगार मोजायचे ते मार्च ते फेब्रुवारीचे, कारण मार्चचा पगार एप्रिलमध्ये निघतो. एका जिल्ह्याची मागणी फुगलेली दिसते. तिथल्या लेखाधिकाऱ्यांना फोन लावते.
“साहेब, मंजूर पदांवर काढलंत का?”
“हो मॅडम, भरती होणार आहे ना.”
“भरलेल्या पदांचं वेगळं द्या. येणाऱ्यांचं, ते ज्या महिन्यात रुजू होतील तिथपासून धरा.”
रिकाम्या पदांसाठी अडवलेला पैसा वर्षअखेरीस समर्पित होतो, म्हणजे परत जातो, आणि त्याच वर्षात दुसरीकडे औषधं कमी पडतात.

12.00
दिवसातलं सर्वांत जोखमीचं काम आता. उद्दिष्ट 21, पुरवठा व सामग्री. म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष, रेबीजची लस, सलाइन, रक्तदाबाच्या गोळ्या. मागच्या तीन वर्षांची सरासरी काढून थोडी वाढ द्यायची, हा सोपा रस्ता. पण 15 ऑगस्ट 2023 पासून विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही थांबले. त्याआधीच्या वर्षांची सरासरी हा बदल ओळखत नाही. शिवाय ज्या रुग्णालयात औषध संपलं होतं, तिथला खर्च कमीच दिसतो आणि सरासरीत तो ‘गरज कमी’ म्हणून मोजला जातो. म्हणून मी बाह्यरुग्ण नोंदवहीतले आकडे आणि साठा कधी संपला त्या तारखा मागवते. ग्रामीण रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याने नीट लिहिलेली एक ओळ इथे लाखमोलाची ठरते.

दुपारी 1.30
डबा. अर्ध्या तासात पुन्हा टेबलावर.

2.00
नवीन बाबी. सपाट भागात 30,000 आणि डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष. नव्या इमारतीचा पैसा 4210 या भांडवली शीर्षाखाली आणि डॉक्टर, परिचारिका, वीज, औषधं 2210 या महसुली शीर्षाखाली. दोन्ही प्रस्ताव वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या गतीने चालतात. इमारत पुढे गेली आणि पदं मागे राहिली, तर गावाला कुलूप लावलेला दवाखाना मिळतो. म्हणून आज दोन्ही नस्त्या शेजारी ठेवून तारखा जुळवते. मंजुरी अजून आलेली नाही, पण शीर्ष उघडणं गरजेचं आहे, अशा ठिकाणी हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद.

4.00
सचिवांकडे बैठक, वित्त विभागाशी चर्चेची तयारी. तिथे पहिला प्रश्न ठरलेला : “नोव्हेंबरअखेर खर्च किती?” राज्यांनी अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असं 2017 चं राष्ट्रीय आरोग्य धोरण सांगतं. पण निव्वळ धोरणाचं नाव घेऊन खर्चाची मर्यादा वाढवून मिळत नाही. प्रत्येक वाढीव रुपयामागे रुग्ण, पद किंवा यंत्र दाखवावं लागतं.

6.15
कार्यालयाची वेळ संपते. नागपूरहून पुरवणी मागणीच्या टिपणीत दुरुस्ती येते. ती करून सुधारित अंदाजाशी ताळा घालते. रक्कम एकीकडे बदलली की दुसरीकडेही बदलावीच लागते.

8.00
आकडे पुढे पाठवले. मार्चमध्ये ते विधानसभेपुढे मागणी म्हणून जातील आणि मंजूर झालेलं जे खर्च होणार नाही, ते त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस, 31 मार्चला, व्यपगत होईल.

वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि औषधनिर्मात्यांना माझं एकच सांगणं आहे. मागणीपत्रावर गेल्या वर्षीचा आकडा उतरवू नका. तुमच्या दारातून औषधाविना परत गेलेला रुग्णही मोजा. आणि वाचकहो, तुमच्या आरोग्य केंद्राने यंदा काय मागितलं, हे ग्रामसभेत विचारा. तिथून जे मागितलं जात नाही, ते मुंबईत कोणी मनाने लिहू शकत नाही.