थांबलेला अभ्यास, पुन्हा उंबऱ्याशी

दिवाळी सरली की ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर घरांना कुलपं लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. इथे आरोग्याचा अभ्यास करायचा, तर हे वेळापत्रक आधी पाठ हवं.

परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने अमेरिकी संशोधकांसोबत तेव्हाच्या ग्रामीण ठाणे जिल्ह्यात ‘चार्म’ हा अभ्यास केला होता. 50 गावगट, 1081 तरुण जोडपी. पाळणा लांबवण्याविषयी नवऱ्यांशीही बोलायचं आणि 9 व 18 महिन्यांनी पुन्हा भेटायचं. तो 2020 च्या आधीच आटोपला. पण कोरोनाच्या टाळेबंदीत देशभर इतर अभ्यासांतल्या अशा कितीतरी भेटी हुकल्या. नवव्या महिन्याची भेट बाराव्यात घेऊन भरून निघत नाही. मधल्या काळात बाईला दिवसही गेलेले असू शकतात. तिथे खाडाच मांडावा लागतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडणं हे पुन्हा सुरुवात करण्यातलं पहिलं काम.

दुसरं काम नैतिकता समितीचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आपत्तीतल्या संशोधनावर वेगळं प्रकरण आहे. एप्रिल 2020 मध्ये परिषदेने समित्यांना ऑनलाइन बैठकांचीही वाट करून दिली. समितीत 7 ते 15 जण, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि एक तरी सामान्य माणूस. मला त्या सामान्य माणसाचाच भरवसा वाटतो. रोजगार बुडालेल्या घरी वही घेऊन कुणी गेलं, तर ते रेशनसाठी नाव लिहायला आलेत असं वाटणार नाही ना, हे त्यानेच विचारायला हवं. मदतीच्या आशेने दिलेला होकार हा होकार नव्हेच.

म्हणून मधल्या काळात अभ्यासाची पद्धत बदलली असेल, तर जुन्या संमतीपत्रावर भागत नाही. कार्यकर्तीने ओटीवर बसून सगळं पुन्हा वाचून दाखवायचं. लिहिता न येणारी बाई निळ्या शाईचा अंगठा उठवते. विटा थापून रेषा झिजलेल्या असल्या, तर कागदावर नुसता डाग उमटतो. शेजारी अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही. एक प्रत तिच्याकडे राहते, पिशवीत गुंडाळून कुडात खोचलेली.

आणि ती “आता नको” म्हणाली, तर वहीत नकार लिहायचा, कारण विचारून भंडावायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली तिची औषधं आधीसारखीच चालू राहतात.