डिस्चार्जची फाइल आणि साहेबांची नजर

डॉक्टर राउंडवर ‘आज घरी जायला हरकत नाही’ म्हणतात आणि हॉस्पिटलच्या ऑफिसात खरी धावपळ सुरू होते. उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, डिस्चार्ज समरी टाइप होते, फायनल बिल निघतं आणि सगळे कागद टीपीए डेस्कवरून (विमा दाव्यांचं काम पाहणाऱ्या टेबलावरून) विमा कंपनीकडे रवाना होतात. काचेपलीकडे नातेवाईक ताटकळलेले. मे २०२४मध्ये विमा नियामक ‘इर्डाई’ने कॅशलेससाठी वेळ बांधून दिली: भरतीच्या वेळच्या मंजुरीला १ तास, डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला ३ तास.

एवढ्यात विमा कंपनीची क्वेरी येते. रुग्णाला मधुमेह कधीपासून आहे? उत्तर डॉक्टरांच्या सहीनिशी केसपेपरवर आहे. वर्षानुवर्षं डेस्क सांभाळणारी व्यक्ती ते दोन मिनिटांत पाठवू शकते. पण वरिष्ठ मॅडमनी मजकूर पाहिल्याशिवाय मेल जायचा नाही, असा दंडक असतो आणि मॅडम मीटिंगमध्ये असतात. बऱ्याच वेळाने मसुदा परत येतो. दुरुस्ती काय? ‘डिअर सर’च्या पुढे स्वल्पविराम हवा.

अशा ऑफिसांत ‘स्टेटस काय?’ हा प्रश्न दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो. काम करायचं, की काम चालू असल्याचं कळवत राहायचं, हेच उमगेनासं होतं.

इथे वरिष्ठांची बाजूही आहे. आरोग्यसेवेत एक चुकीचा कोड दावा अडकवतो आणि नावातली गल्लत भलत्याच रुग्णाचा रिपोर्ट भलत्याच्या हातात देते. धोक्याचं औषध देण्याआधी दोन परिचारिकांनी ते तपासणं, याला कुणी जाच म्हणत नाही. तिथे तपासणी औषधाची असते. मायक्रोमॅनेजमेंटमध्ये, म्हणजे बारीकसारीक गोष्टींवरच्या अति देखरेखीत, तपासणी माणसाची होते, आणि कुठली चूक महाग, कुठली फुकट, हा भेदच उरत नाही.

अशा देखरेखीची किंमत शरीर मोजतं. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५मध्ये ‘व्हाइटहॉल २’ हा दीर्घ अभ्यास सुरू झाला. हे खाणकामगार नव्हते, टेबलाशी बसून काम करणारी माणसं होती. आपलं काम कसं, कोणत्या क्रमाने करायचं यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. १९९७मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसतं काम जास्त असणं आणि कामावर आपलं काहीच न चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी किंमत रुग्ण मोजतात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय आहे. नव्या रुग्णाला १४ दिवसांत अपॉइंटमेंट मिळावी, असं लक्ष्य वरून ठरलं होतं आणि अधिकाऱ्यांचं मूल्यमापन त्याच्याशी जोडलेलं होतं. डॉक्टर अपुरे, रुग्ण वाढलेले. मग अपॉइंटमेंट देणाऱ्या कारकुनांनी वाट काढली: आधी मोकळी तारीख शोधायची आणि तीच ‘रुग्णाला हवी असलेली तारीख’ म्हणून नोंदवायची. कागदोपत्री प्रतीक्षा शून्य दिवस! २०१४मध्ये चौकशी झाली तेव्हा सुमारे १,७०० माजी सैनिक अधिकृत यादीतच नव्हते. तपासलेल्या २२६ जणांची सरासरी प्रतीक्षा रुग्णालयाच्या हिशेबाने २४ दिवस होती, प्रत्यक्षात ११५. माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. हा जाच आकड्यांचा होता, स्वल्पविरामांचा नव्हे, हे खरं. पण दोन्हीकडे माणूस तेच शिकतो. समोरच्या रुग्णाआधी वरच्याचं समाधान करायचं.

मग चुका दडपल्या जातात. एमी एडमंडसन या संशोधिकेने अमेरिकी रुग्णालयांतल्या औषधचुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीम कमी चुका करत असतील, ही तिची अपेक्षा. निघालं उलटंच: चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. कारण शोधल्यावर कळलं, की तिथली माणसं चूक झाली तर न घाबरता सांगत होती.

उपाय फार गूढ नाहीत. कोणत्या गोष्टींसाठी आधी विचारायचं ते साहेबांनी लिहून द्यावं: मोठी सवलत, नाकारलेला दावा, पोलीस केसची फाइल. बाकीच्यांतल्या थोड्या फाइली आठवड्याने तपासाव्यात. कर्मचाऱ्याने ‘स्टेटस काय?’ येण्याआधीच ठरलेल्या वेळी स्टेटस पाठवावं. विचारणारे मेसेज निम्म्याने कमी झाले नाहीत, तरी थोडे कमी होतात. एका प्रकारच्या पत्रांचा अधिकार पंधरा दिवसांसाठी मागून पाहावा आणि त्या काळातल्या चुकांची नोंद स्वतःच ठेवावी. सगळेच साहेब ऐकतील असं नाही. कित्येकांच्या डोक्यावर तसाच साहेब बसलेला असतो.

ग्रुपवर चारचौघांत पाणउतारा होत असेल, तर मात्र तो अति देखरेखीचा विषय राहत नाही. ती तक्रार एचआरकडे लेखी द्यावी, मेसेजच्या स्क्रीनशॉटसह. त्यातली रुग्णांची नावं तेवढी झाकून.