कागदासारखी वाकणारी काच

इमारतीच्या दर्शनी भागाला लागणारी काच सहसा ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असते. अर्धा ते दोन मिलिमीटर जाडीचा लांबरुंद ताव मात्र दोन्ही कडांना धरून दाबला तर पोस्टकार्डासारखा वाकतो आणि सोडला की सरळ होतो. मोबाइलच्या पडद्यांवर स्थिरावलेली ही काच आता वास्तुविशारद आणि अभियंते बांधकामासाठी पारखत आहेत. दर मिलिमीटर जाडीला एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो भरते. म्हणजे ६ मिलिमीटरच्या जागी १ मिलिमीटरची काच बसवता आली, तर १५ किलोंचे अडीच किलोच उरतात. काच कमी लागते, ती वितळवायला इंधन कमी लागते आणि मागचा सांगाडाही हलका चालतो.

काच वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. एकाच गोलाईसाठी जाडी जितकी अधिक तितका हा ताण अधिक. अर्धा मीटर त्रिज्येच्या कमानीत वाकवल्यास ६ मिलिमीटरच्या काचेवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४२० न्यूटन ताण येईल. ती त्याच्या कितीतरी आधी फुटेल. १ मिलिमीटरच्या काचेवर तो ७० न्यूटन येतो. साधी काच तेवढाही भरवशाने सोसत नाही. काच मुळात दुबळी असते असे नाही. पृष्ठावरच्या सूक्ष्म ओरखड्यांच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तडा तिथून धावतो, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये मांडले.

म्हणून पातळ काच घडवताना सगळी निगा पृष्ठाची असते. खिडकीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून पसरवतात. अतिपातळ काचेची एक रीत याहून देखणी आहे. काचेचा रस पन्हळीत ओततात आणि दोन्ही काठांवरून ओसंडू देतात. दोन्ही ओघळ पन्हळीच्या तळाशी भेटून एकजीव होतात आणि ताव अधांतरी खाली उतरतो. त्याच्या बाहेरच्या पृष्ठांना हवेखेरीज कशाचा स्पर्शच होत नाही.

यानंतर काच टणक करायची. नेहमीची ‘टफन्ड’ काच तापवून गार हवेच्या झोताने झटकन थंड करतात, म्हणजे पृष्ठ आधी आळते आणि आतला भाग मागून आकसताना त्याला दाबून धरतो. साधारण २ मिलिमीटरच्या खाली आत-बाहेरच्या तापमानात पुरेसा फरकच राहत नाही, म्हणून इथे सोरा कामी येतो. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला वितळलेल्या सोऱ्यात, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटमध्ये, काच कित्येक तास बुडवून ठेवतात. पृष्ठाजवळचे सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे, सुमारे एक तृतीयांशाने मोठे आयन घुसतात. दाटीमुळे पृष्ठ कायमचे दाबाखाली राहते आणि ओरखड्यांची तोंडे मिटलेली राहतात. हा थर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढाच असतो.

खरी अडचण पुढे येते. जाडी सहापट घटली की ताठपणा २१६ पटींनी घटतो. सपाट बसवलेली पातळ काच वाऱ्याने फुगेल, थरथरेल. यावर उपाय तिच्या वाकण्यातच सापडतो. पळसाच्या पानाची पत्रावळ लवते, पण त्याच पानांचा द्रोण आमटी पेलतो. गोलाई मिळाली की पातळ वस्तूला बळ येते. काचेचा ताव न तापवता जागेवरच वाकवून चौकटीत अडकवतात. भट्टी नाही, साचा नाही, त्यामुळे प्रतिबिंबही स्वच्छ राहते. जाड काचेच्या बाबतीत ही युक्ती हलक्या पिळापुरती वापरली गेली आहे: न्यूयॉर्कमधील फ्रँक गेरी यांच्या २००७ मधील आयएसी इमारतीच्या सपाट काचा जागेवर पिळूनच बसवल्या आहेत. पातळ काच याहून पुष्कळ वाकते, पण कागदाप्रमाणेच तीही नळी किंवा शंकू सहज होते, घुमट होत नाही.

दुसरा उपाय म्हणजे दोन पातळ तावांमध्ये हलका गाभा चिकटवणे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रविद्यापीठात त्रिमितीय छपाईने केलेल्या जाळीदार प्लास्टिकच्या गाभ्यांवर असे प्रयोग झाले आहेत. तिसरा विचार हलत्या भिंतीचा आहे: कडा जवळ ओढल्या की काच फुगून फट उघडेल आणि वारा आत येईल.

दर्शनी भागात ही काच अजून क्वचितच दिसते. ती महाग आहे, मोठे ताव सहज मिळत नाहीत आणि फुटली तर टफन्ड काचेसारखा तिचा बारीक चुरा होतोच असे नाही. म्हणून दोन तावांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा दाबून बसवतात, म्हणजे तुकडे त्याला चिकटून राहतात. सर्वांत नाजूक भाग कडांचा. सोऱ्यातून निघालेली काच पुन्हा कापली, तर नव्या कडेला दाबाचे कवच नसते. मापे घेणे, कापणे, कडा घासणे, भोके पाडणे हे सारे बुडवण्याआधीच उरकावे लागते. इमारतीवर आल्यावर सूतभरही छाटता येत नाही.