पहिल्या भेटीचें वस्त्र

स्त्रियांच्या वस्त्रांविषयीं पुरुषानें, त्यांतून एका सेवानिवृत्त शाळामास्तरानें, लिहावें हें कित्येक भगिनींस रुचणार नाहीं. परंतु वधूपरीक्षेच्या प्रसंगीं सतरंजीवर बसून मुलीच्या पोशाखावरून मत बनविणारे बहुधा पुरुषच असत. आणि त्या सतरंजीवर कधीं वरपक्षाचा स्नेही म्हणून, कधीं वधूपक्षाचा शेजारी म्हणून मी पुष्कळ वेळां बसलों आहें. संस्कृत शिकविणारा मास्तर गांवांत असला म्हणजे पत्रिका पाहावयास, मुहूर्त विचारावयास आणि पाहुण्यांशीं बोलत बसावयास लोक त्यास हटकून बोलावतात. तेव्हां जें पाहिलें तें सांगण्याचा थोडासा अधिकार मला आहे असें मी समजतों.

तो प्रसंग आतां पुष्कळच पालटला आहे. आमचें वळसंग हें सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील गांव. येथील मुली शिकून सोलापुरास, पुण्यास नोकरीस जातात. मुलगा व मुलगी आधीं दूरध्वनीवर बोलतात आणि मग एखाद्या उपाहारगृहांत दोघेंच भेटतात. वडील मंडळी ह्यास 'पहिली भेट' म्हणतात, मुलें 'डेट' म्हणतात. कांहीं कुटुंबें मधला मार्ग काढतात: अक्कलकोटास स्वामींच्या दर्शनाचें निमित्त करून दोन्ही पक्षांची गांठ पडते, मोठीं माणसें ओवरींत प्रसाद घेत बसतात आणि दोघांस चार पावलें फिरून येण्याची मोकळीक देतात. पोहे गेले, कॉफी आली. परंतु आदल्या रात्रीं कपाटापुढें उभ्या राहिलेल्या मुलीचा प्रश्न तोच राहिला आहे: काय नेसूं? आणि त्या प्रश्नास एकदम उत्तर देणारीं तोंडेंही तींच राहिलीं आहेत. आई, काकू, आत्या, वहिनी, आणि ज्यांस कोणीं विचारलेलें नसतें असे आम्ही.

माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, त्या दिवशीं मुलीनें आपल्या अंगास पूर्वींच सरावलेलें वस्त्र नेसावें, आणि तें तिचें तिनें निवडावें. असें कां म्हणतों तें सांगतों.

पूर्वीं हा प्रश्न मुलीपुढें नव्हताच. आठनऊ वर्षांची पोर परकर-पोलक्यांत समोर आणून बसवीत. तिनें काय घालावें हें आजीनें ठरवावें, पाहुण्यांनीं दांत, केंस व चाल पाहून उठून जावें. १९२९ सालीं बालविवाहास आळा घालणारा कायदा झाला, ज्यास आपण शारदा कायदा म्हणतों. १ एप्रिल १९३० पासून तो अमलांत आला आणि मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरलें. १९४९ सालीं तें पंधरा झालें व १९७८ सालीं अठरा. कायद्याहूनही शिक्षणानें हें वय अधिक वाढविलें. वय वाढलें, पण पाहण्याची तऱ्हा तीच राहिली. ज्या वयांत मुलीस स्वतःचें मन असतें, स्वतःची आवड असते, त्या वयांत तिला 'चालून दाखव', 'सुईंत दोरा ओंव' असें सांगण्यांत येऊं लागलें. वस्त्राचा प्रश्न खऱ्या अर्थानें येथें जन्मास आला.

माझ्या आईची गोष्ट ह्या बाबतींत सांगण्यासारखी आहे. माझे आजोबा-आजी तिला पाहावयास गेले तें १९५५ च्या सुमारास. तोंवर ती परकर किंवा गोल पातळ नेसून शाळेस जात असे. पण सासरचीं माणसें जुन्या वळणाचीं, सोवळ्याच्या कामास कासोट्याचें लुगडेंच हवें असें मानणारीं. म्हणून त्या दिवशीं तिला प्रथमच नऊवारी नेसविलें, आणि तेंही शेजारणीनें घाईघाईनें. लुगडें नवें कोरें, खळ तशीच. निऱ्या पायांत येत होत्या. चहाचें तबक घेऊन ती उंबरठा ओलांडून आली ती अडखळतच. आजोबांनीं तिला पुन्हां चालावयास सांगितलें, मग तिसऱ्यांदा. मुलगी लंगडते कीं काय, असा त्यांना संशय आला होता! अखेर आजीच म्हणाली, "अहो, लुगडें नवें आहे, पाय चांगले आहेत." त्या एका वाक्यानें तें लग्न जमलें. आई ही गोष्ट हंसत हंसत सांगे. परंतु तिसऱ्यांदा चालतांना मनांत काय आलें, असें विचारलें म्हणजे ती गप्प बसे.

उसन्या वस्त्राची कथा ह्याहून वाईट. एका घरीं (कोणतें घर तें सांगण्याचें कारण नाहीं) मुलीच्या अंगावर त्या दिवशीं मावशीची पैठणी, शेजारच्या वहिनींच्या पाटल्या आणि कोणाचा तरी चपलाहार होता. मुलगी चारचौघींसारखी दिसावी एवढीच आईची इच्छा. पण पाहुण्यांनीं जरीचा कांठ पाहिला आणि मनांत सोनें मोजलें. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालींच झालेला आहे हें त्यांसही ठाऊक होतें. त्यांनीं हुंडा मागितला नाहीं. सीमांतपूजनाच्या वेळीं "त्या दिवशींच्या पाटल्या दिसत नाहींत" एवढेंच विचारलें. पाटल्या केव्हांच मूळ मालकिणीकडे परतल्या होत्या. बापानें रातोरात कर्ज काढलें. तरीही "दाखविलें एक आणि दिलें एक" हें वाक्य त्या मुलीस सासरीं वर्षभर ऐकावें लागलें. पैठणीनें केलेल्या बढाईचा दंड जिनें ती मागितलीही नव्हती तिनें भरला.

ह्या विषयांत आपले प्राचीन ग्रंथकारही एकमताचे नाहींत. वात्स्यायनानें कामसूत्रांत उपवर कन्येस रोज दुपारीं नटवून सजवून सख्यांसह खेळ, यज्ञ, विवाह अशा ठिकाणीं न्यावें असें सांगितलें आहे. आणि कारणही आडपडदा न ठेवतां दिलें आहे कीं, विकावयाच्या जिनसेसारखीच तिची गोष्ट आहे! शास्त्रकार प्रामाणिक खरा, पण आपल्या घरांतील लेकीविषयीं असें कोण म्हणूं देईल? उलट आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांत वस्त्राचें नांवही नाहीं. तेथें मातीचे आठ गोळे करावयाचे: पिकाऊ शेताची माती, गोठ्याची, वेदीची, न आटणाऱ्या डोहाची, द्यूतस्थानाची, चवाठ्याची, ओसाड जमिनीची आणि स्मशानाची. मग कन्येस म्हणावयाचें, ह्यांतला एक उचल. आणि त्यावरून तिचें पुढलें आयुष्य ताडावयाचें. आजची मुलगी असले गोळे उचलणार नाहीं, व उचलूंही नयेत. परंतु निदान तेथें हात तिचा आहे.

खरा जाणकार मात्र कालिदास. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत पार्वती शंकरापुढें जाते ती वसंतांतल्या फुलांनीं नटून: माणकांच्या जागीं अशोक, सोन्याच्या जागीं कर्णिकार, मोत्यांच्या जागीं निर्गुडीचीं फुलें, आणि वस्त्र कोंवळ्या सूर्याच्या रंगाचें. एवढी सगळी शोभा वर्णन करून कवि एक बारीकशी गोष्ट सांगून जातो. तिची बकुळीच्या फुलांची मेखला कमरेवरून सारखी घसरत होती आणि ती पुन्हां पुन्हां सांवरीत होती. त्या भेटीचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. मदन जळाला आणि शंकर तेथून निघून गेले. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत उलट प्रकार. तेथें शकुंतला अनसूयेस सांगते कीं, प्रियंवदेनें वल्कल फार घट्ट बांधलें आहे, जरा सैल कर. तें सैल होतें, आणि मग ती वस्त्र विसरून झाडांस पाणी घालण्यांत गढून जाते. दुष्यंत झाडाआडून पाहात असतो तो ह्या शकुंतलेस. एकीचें सैल, एकीचें घट्ट! दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या ह्या कवीस पदर सांवरण्याचें आणि चोळी काचण्याचें दुःख ठाऊक होतें. पदर दर दोन मिनिटांनीं ओढावा लागत असेल तर समोरचा मनुष्य काय बोलला हें ऐकूं तरी कसें येणार?

ह्यावरून प्रत्येकीनें वल्कलच नेसावें, म्हणजे मुद्दाम जुनेंपुराणें गुंडाळून जावें, असें मात्र कोणीं समजूं नये. मुद्दाम साधें दिसणें हीही नटण्याचीच एक तऱ्हा आहे, आणि ती लवकर उघडी पडते.

आमच्या भागांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे ऊन. स्थळें पाहण्याचा हंगाम परीक्षा संपल्यावर, चैत्र-वैशाखांत. आणि तेव्हां सोलापूरकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दुपारीं जरीचें रेशीम नेसून एस. टी.नें किंवा दुचाकीवरून जाणें म्हणजे घामानें डागलेलें रेशीम दाखवावयास जाणें. कृत्रिम धाग्याचें कापड चुरगळत नाहीं खरें, पण वाराही आंत येऊं देत नाहीं. सुतासारखें सूतच. त्यांतही मला इरकल आवडते. इलकल हें गांव आज कर्नाटकांतल्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. पण आमच्या ह्या गांवांत मराठी व कानडी दोन्ही जशा नांदतात, तशी इरकलही दोन्हीकडची. अंग सुती, पदर तांबड्या रेशमाचा व पांढऱ्या नक्षीचा; अंगाचे व पदराचे ताणे निरनिराळे असून ते एकमेकांत गुंतवून जोडलेले असतात. शिवाय सोलापूर हें कापडाचें गांव. १८७७ सालीं तेथें पहिली गिरणी निघाली. त्या जुन्या मोठ्या गिरण्या आज बंद पडल्या असल्या तरी चादरींचे व टॉवेलांचे माग चालूं आहेत, आणि दोन बोटांत कापड धरून त्याची किंमत सांगणाऱ्या बायका घरोघर आहेत. त्यांच्यापुढें उसना झगमगाट टिकत नाहीं तो नाहींच.

रंगाविषयीं चार शब्द. मुलगी सांवळी असली म्हणजे तिनें गडद नेसूं नये, फिकें नेसावें, तोंडास पावडर जरा अधिक लावावी, असा उपदेश अजून चालतो. ज्या द्रौपदीचें नांवच कृष्णा, तिच्या स्वयंवरास भरतखंडांतले राजे लोटले होते, हें उपदेश करणाऱ्या आत्यांनीं ध्यानांत घ्यावें. काळा रंग अशुभ म्हणावा, तर संक्रांतीस नव्या नवरीला आपण हौसेनें काळी चंद्रकळा नेसवितों. मुलीस जो रंग आवडतो त्यांत तिचा चेहरा मोकळा दिसतो, एवढें मीं तीस-पसतीस वर्षें वर्गासमोर उभें राहून पाहिलें आहे.

गेल्या वर्षीं आमच्याच घरीं हा प्रसंग आला. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्यास नोकरी करते. सोलापुरांतील एका मुलाशीं तिची भेट ठरली. आदल्या रात्रीं आमच्या कुटुंबानें स्वतःच्या लग्नांतली पैठणी ट्रंकेंतून काढून, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून दांडीवर टाकली. वहिनींचें म्हणणें पंजाबी पोशाख बरा, सुटसुटीत. तिच्या आईस दोन्ही पटेनात. मुलगी शांतपणें म्हणाली, "काकू, तुमची पैठणी मला फार आवडते, पण ती नेसून मी गेलें तर तो मला भेटणार नाहीं, पैठणीला भेटेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही सांगा." मी म्हणालों, "बाळ, आजवर जें नेसून तूं दिवसभर काम केलें आहेस आणि संध्याकाळपर्यंत ज्याची तुला आठवणही झाली नाहीं, तें कोणतें?" तिनें निळी इरकल काढली. कचेरींत तीनचार वेळां नेसलेली, धुऊन मऊ झालेली. आमच्या कुटुंबास तें रुचलें नाहीं. तरीही सकाळीं तिनेंच निऱ्या धरून दिल्या आणि खांद्यावर पिन कोठें लावावी म्हणजे मान वळवितांना ओढ बसत नाहीं, तेंही दाखविलें. तें स्थळ पुढें जमलें नाहीं. मुलास परदेशीं जावयाचें होतें, हिला नोकरी सोडावयाची नव्हती, आणि हें दोघांनींही पहिल्याच तासांत स्पष्ट बोलून घेतलें. घरीं आल्यावर ती रडली नाहीं कीं आरशांत पाहून "मी कशी दिसत होतें" असें कोणास विचारलें नाहीं. मला तेंच पुष्कळ वाटलें. पूर्वीं नकार आला म्हणजे मुली तो आपल्या रूपास आला असें समजून आठआठ दिवस तोंड लपवीत, हें मीं पाहिलें आहे.

चपला मात्र नव्या घालूं नयेत. हें लिहावयाचें राहून जात होतें. नवी चप्पल नव्या लुगड्याहूनही अधिक दगा देते, आणि देवळाच्या फरशीवर तापलेल्या दुपारीं ती काढून ठेवण्याची वेळ आली तर टांचेवरचा फोड सर्वांस दिसतो.

आणि मुलांचें काय? इतकें सगळें लिहून त्यांचें नांव घेतलें नाहीं तर अन्याय होईल. मुलीच्या घरीं रात्रभर खल चालतो. मुलगा मात्र छातीवर मोठालीं इंग्रजी अक्षरें छापलेला सदरा घालून येतो आणि तें कोणी मनावर घेत नाहीं. कालिदासानें तें मनावर घेतलें होतें. पांचव्या सर्गांत बटूचा वेष घेतलेले शंकर पार्वतीची परीक्षा पाहातांना म्हणतात कीं, तुझें वधूचें हंसांच्या नक्षीचें रेशमी वस्त्र कोठें आणि त्याचें तें रक्त ठिबकणारें हत्तीचें कातडें कोठें. ह्या दोहोंची गांठ बांधावयाची तरी कशी? पार्वती जें उत्तर देते त्याचा भाव असा कीं, तो रेशीम पांघरो कीं कातडें पांघरो, त्याचें रूप अमुकच असें कोणास ठरवितां येणार नाहीं. वर्गांत हा प्रसंग सांगूं लागलों कीं हत्तीच्या कातड्यापाशीं मुलें हमखास हंसत. मुली मात्र तेवढ्यांत वही उघडून श्लोकाचा क्रमांक विचारीत.