क्लचच्या वायरीतली वजाबाकी

दोरी ओढली की ती सरळ होते. मग हँडलपासून टाकीखालून वळसे घेत इंजिनापर्यंत गेलेली क्लचची वायर, लीव्हर दाबल्यावर ताठ का होत नाही? वाकडी ती वाकडीच राहते, आणि तरी दुसऱ्या टोकाला क्लच सुटतो!

याचं गुपित त्या काळ्या कव्हरमध्ये आहे. वरचं प्लास्टिक सोलून पाहा. आत पोलादी तारेची घट्ट स्प्रिंग असते, वेटोळ्याला वेटोळं भिडलेलं. ती हवी तशी वाकते, पण दाबली जात नाही. दबायला जागाच ठेवलेली नाही. आतली तार जितक्या जोरानं ओढली जाते, तितक्याच जोरानं हे कव्हर दोन्ही टोकांना रेटत राहतं. आपण वायर ओढतो असं म्हणतो, पण निम्मं काम ढकलण्याचं असतं. लंडनच्या अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेननं १८९६ साली याचं पेटंट घेतलं आणि आजही लाखो दुचाकी त्याच युक्तीवर चालतात.

आता लीव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर आठवा. तो बाहेर फिरवला की ढिली वायर ताणली जाते. पण तो आतल्या तारेला धरतच नाही! तो फक्त कव्हरला टेकू देऊन पुढे सरकवतो, म्हणजे जणू कव्हरची लांबी वाढवतो. वायरचं सगळं गणित एका वजाबाकीत आहे: आतली तार वजा कव्हर. घरी वायर आखूड करताना हीच वजाबाकी सांभाळायची. कव्हर पाच सेंटिमीटर कापलं तर तारही पाचच सेंटिमीटर कापायची. बाकी तीच राहिली, की लांबी कितीही असो, क्लच पूर्वीसारखाच सुटेल.

पण आखूड करायचीच कशाला? बुटकं हँडल बसवलं की जुनी वायर जास्तीचं वेटोळं घालते, म्हणून. तार कव्हरच्या आत घासते, आणि मौज अशी की हे घर्षण वळण किती तंग आहे यापेक्षा एकूण किती अंश वळलं यावर ठरतं. घर्षणगुणांक ०.१५ धरला, तर एकूण १८० अंशांच्या वळणापलीकडे १० किलोचा जोर पोचवायला हाताशी १६ किलो ओढावं लागतं. वळण ३६० अंश झालं की २६ किलो! ट्रॅफिकमध्ये मनगट भरून येतं त्यात अशा वेटोळ्याचाही हात असू शकतो.

खरी करामत मात्र शेवटच्या सेंटिमीटरमध्ये आहे. तार कापली की टोकाला नवं निप्पल, म्हणजे लीव्हरमध्ये अडकणारा धातूचा तुकडा, बसवावं लागतं. तार निप्पलमधून ओवून नुसतं सोल्डर ओतलं, तर कधीतरी ती सुटून येईल. म्हणून टोकाचे पदर उकलून फुलवतात, फुललेला भाग निप्पलच्या खोलगट तोंडात बसवतात आणि मग सोल्डर भरतात. आता तिथं तयार होते पाचर. जितकं ओढाल, तितकी घट्ट!

सोल्डर पोलादाला धरतं तरी कसं? कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथील फिरवतो ना, तेच रसायन इथंही. फ्लक्स धातूवरचा ऑक्साइडचा थर खातो आणि सोल्डरमधलं कथील लोखंडाशी संयोग पावून पातळसा नवा थर बनवतं. तेलाचा अंश राहिला की सगळं फसतं, म्हणून टोक आधी थिनरनं धुवायचं. काम झालं की फ्लक्सही धुऊन काढायचा, नाहीतर तो गंज आणतो. आणि ६०-४० सोल्डर (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं हे आपलं भाग्य. तारेची ताकद थंड अवस्थेत ओढून-ओढून आणलेली असते. पितळेचा डाख द्यायला गेलात, तर नऊशे अंशांच्या आसपासच्या आचेत ती नरम पडेल.

पातळ झालेलं सोल्डर पदरांमधल्या फटींतून तारेत पुढे चढतं, कंदिलाच्या वातीतल्या तेलाला जो नियम तोच. चढलं तेवढी तार ताठर. आणि वायर तुटते ती बहुतेकदा ओढल्यामुळे नव्हे, निप्पलच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा वाकल्यामुळे. एकेक पदर करत. म्हणून सोल्डर भरताना निप्पलखालची तार पकडीत धरावी, म्हणजे उष्णता तिथंच शोषली जाते आणि सोल्डर पुढे चढत नाही. निप्पलला ग्रीसही हवंच. ते लीव्हरमध्ये फिरलं तर तार वाकत नाही, अडकलं तर दर वेळी वाकते. स्क्रूनं आवळायचं तयार निप्पल मला गाडी घरापर्यंत आणण्यापुरतंच पटतं, कारण स्क्रू पदर चिरडतो. पुढच्या ब्रेकची वायर मात्र नवीच घ्यावी. तिथं हौस नको.

अ‍ॅक्सिलरेटरची वायर आखूड केली असेल, तर इंजिन सुरू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. मुठीला हात न लावता रेस वाढली, तर कव्हर अपुरं पडून आपल्या बैठकीतून उचललं जातंय. कव्हर उचललं म्हणजे अ‍ॅडजस्टर फिरवल्यासारखंच झालं, आणि वळणावर गाडी आपण होऊन वेग घेईल. अशी वायर लगेच काढावी.