घरगुती मोरावळा : पाकाचे प्रमाण आणि रुग्णाचा खर्च

गतवर्षी माघ महिन्यात एका यंत्रमाग कामगाराच्या पत्नीने आमच्या चिकित्सालयात काचेची बरणी आणून ठेवली. आत मोरावळा होता. वर फेस आला होता आणि झाकण उघडताच आंबूस गंध आला. अम्लपित्तासाठी 'विकतचा घेऊ नका, घरी करा, स्वस्त पडेल' असे आम्हीच तिला सुचविले होते. साखरेचे प्रमाण मात्र सांगितले नव्हते. काटकसर म्हणून तिने दोन किलो आवळ्यांस एक किलो साखर घातली. आवळे, साखर आणि गॅस, तिन्ही वाया गेले. हा दोष तिचा नव्हे, आमच्या अपुऱ्या सांगण्याचा होता.

वैद्यबंधूंनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोरावळ्यातील साखर केवळ रुचीसाठी नसते. ती पाण्यास बांधून ठेवते, म्हणून किण्व व बुरशी यांना वाढीसाठी पाणी उरत नाही. यासाठी सिद्ध मोरावळ्यात विद्राव्य घन भाग शेकडा ६५ ते ७० असावा लागतो. आता हिशेब पाहू. एक किलो आवळ्याच्या गरात सुमारे ८०० ग्रॅम पाणी असते. सव्वा किलो साखर घातल्यास केवळ दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी आटवावे लागते. पाऊण किलोच घातली तर पावणेचारशे ग्रॅम आटवावे लागते. इंधन वाढते, गर चिवट होतो आणि हाती येणारा मोरावळाही घटतो. म्हणजे साखरेत वाचविलेला पैसा चुलीत जातो, अथवा पाणी तसेच राहून बरणी आंबते.

शार्ङ्गधरसंहितेत अवलेहासाठी चूर्णाच्या चौपट सिता किंवा दुप्पट गूळ सांगितला आहे. तो नियम कोरड्या चूर्णाचा आहे. ओल्या फळास तो तसाच लावून काही मंडळी चौपट साखर सांगतात, तेही योग्य नव्हे. पाकपरीक्षा मात्र त्याच ग्रंथातील घ्यावी : तंतू सुटणे, पाण्यात टाकल्यास बुडणे, दाबल्यास बोटाची मुद्रा उमटणे. कामगाराच्या स्वयंपाकघरात याहून अधिक उपकरण नको.

सर्वाधिक चूक होते ती यापुढे. पहिल्या दिवशी दोन तारी झालेला पाक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सैल पडतो, कारण फळातील रस हळूहळू बाहेर येत राहतो. अनेक गृहिणी पहिल्याच दिवशी बरणी भरून मोकळ्या होतात. तिसऱ्या दिवशी पाक पुन्हा पाहावा, सैल असल्यास मंद आचेवर परत आणावा आणि पूर्ण निवल्यावरच कोरड्या बरणीत भरावा. अखंड फळाचा मुरब्बा करावयाचा असल्यास टोचे मारून वाफवावे व साखर दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावी. एकदम घट्ट पाकात टाकल्यास फळ आक्रसते. पूर्व उत्तर प्रदेशातून येथे आलेल्या कुटुंबांना हे सांगावे लागत नाही. प्रतापगढ जिल्हा आवळ्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिकडच्या रुग्णाकडून आपणच दोन गोष्टी शिकून घ्याव्यात!

भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडात आवळा काळा पडतो. ॲल्युमिनियम व कल्हई नसलेले पितळ आम्ल फळास वर्ज्य होय.

ज्यास सव्वापट साखर परवडत नाही, त्यास कमी साखरेचा मोरावळा सांगूच नये; आवळकाठी सांगावी. वाफवून पाकळ्या सुट्या कराव्यात आणि कडक उन्हात कडकडीत वाळवाव्यात. भिवंडीत मागांवरील कापसाचा तंतू हवेत तरंगत असतो, म्हणून वर पातळ कापड हवे. कोरे कापड घरोघरी असते, परंतु त्यास खळ असते. ते गरम पाण्यात दोनदा धुऊनच वापरावे. पावसाळ्यात आवळकाठी दमट होते, तेव्हा आषाढापूर्वी एकदा ऊन देऊन घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. चूर्ण सर्वच्या सर्व एकदम करू नये. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन मासांनंतर, तर लेहाचे वर्षानंतर हीन होते असे म्हटले आहे. पाकळ्या अखंड ठेवाव्यात, लागेल तसे कुटावे.

मधुमेही रुग्णास मोरावळा देताना अनेकांचा हात सैल असतो. ज्या पदार्थात दोनतृतीयांश साखर, तो 'आवळाच तो' म्हणून देणे आम्हांस मान्य नाही. त्यासही आवळकाठीच द्यावी, आणि रक्तदाबाच्या रुग्णासाठी ती मीठ न लावलेली असावी.

औषधी दुकानदारांसाठी दोन शब्द. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये उत्पादन-परवान्यातून सूट आहे. ती दुकानात मांडून विकण्यास लागू नाही. घरगुती मोरावळा खाद्यपदार्थ म्हणून विकावयाचा झाल्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. त्यापेक्षा हंगामात स्वच्छ आवळकाठी ठेवावी आणि तिच्यासोबत सव्वापट साखरेचे प्रमाण व तिसऱ्या दिवसाची पाकपरीक्षा लिहिलेली चिठ्ठी मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगू या भाषांत द्यावी. आमच्या चिकित्सालयात अशी चिठ्ठी आता औषधाच्या पुडीसोबतच जाते.