कडोदरा ते दांडी: मिठाच्या वाटेचे शेवटचे चार टप्पे

सुरतेच्या पूर्वेला सुमारे पंधरा किलोमीटरवर, पलसाणा तालुक्यात कडोदरा आहे. मुंबई–अहमदाबाद आणि सुरत–धुळे हे दोन महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. खानदेशातून नवापूर, व्यारा, बारडोली करत येणारा प्रवासी आणि मुंबईहून येणारा प्रवासी, दोघेही या चौकात पोहोचतात. कापडाच्या प्रक्रियेचे कारखाने आणि मालमोटारींची रांग एवढीच गावाची आज ओळख राहिली असली, तरी त्याच्या दोन्ही अंगांना सत्याग्रहाचा इतिहास आहे. पूर्वेला बारडोली, जिथे १९२८ च्या शेतसारा सत्याग्रहानंतर वल्लभभाई पटेल ‘सरदार’ झाले. पश्चिमेला १९३० च्या दांडीयात्रेची वाट. ती कडोदऱ्यातून गेली नाही, पण तिच्या शेवटच्या, समुद्राकडे वळणाऱ्या टप्प्यांना हात घालायचा तर कडोदऱ्यासारखी सोयीची जागा नाही.

गांधीजी १२ मार्च १९३० रोजी साबरमती आश्रमातून निघाले आणि ५ एप्रिलला दांडीला पोहोचले. अंतर सुमारे २४१ मैल, म्हणजे जवळजवळ ३९० किलोमीटर. दर सोमवारी मौन आणि विश्रांती असल्याने चालण्याचे दिवस २२ च होते. रोजची मजल साधारण दहा ते बारा मैलांची, तीही दोन भागांत: उन्हे चढण्याआधी एक गाव, दुपार तिथे घालवून संध्याकाळी दुसरे. वयाची साठ वर्षे पूर्ण केलेल्या माणसाने आखलेले हे वेळापत्रक आजही पायी चालणाऱ्याला जसेच्या तसे उपयोगी पडते, आणि दूरच्या वाटा टप्प्याटप्प्याने चालू पाहणाऱ्याने ते जरूर अभ्यासावे.

सोबत निवडलेले ७८ सत्याग्रही होते. त्यांत सर्वाधिक गुजरातचे, त्याखालोखाल १३ महाराष्ट्राचे. मुक्कामावरच्या प्रार्थनेत भजने सांगत ते पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि आश्रमाचे संगीतशिक्षक. गुजरातच्या गावागावांत त्या दिवसांत जो स्वर घुमला, तो असा मराठी गुरुपरंपरेतला होता.

सुरत जिल्ह्यात शिरताच यात्रेचा सूर अधिक कडक झाला. २९ मार्चला भटगाम येथे गांधीजींनी आपल्याच माणसांची झाडाझडती घेतली. रात्रीच्या वाटचालीसाठी जड दिवा एका गरीब मजुराच्या डोक्यावर देऊन त्याला पुढे पळवले होते, आणि दुधासाठी सुरतेपर्यंत मोटार धाडली होती. गरिबांच्या मिठावरचा कर रद्द करायला निघालेल्यांनी गरिबाच्या डोक्यावर ओझे द्यावे, हे त्यांना असह्य झाले. संपूर्ण यात्रेत इतके मोलाचे भाषण दुसरे नसेल. मुक्काम साधा, जेवण साधे, गावावर भार नाही, ही शिस्त त्यामागे होती.

१ एप्रिलला तापी ओलांडून यात्रा सुरतेत आली. इथून दांडीपर्यंत चार टप्पे: १२, १३, ९ आणि ४ मैल, मिळून सुमारे ६१ किलोमीटर.

पहिल्या टप्प्यातला दुपारचा थांबा दिंडोली. कडोदऱ्याहून येणारा इथेच वाटेला लागतो. तेव्हा सुरतेबाहेरचे खेडे असलेले दिंडोली आता महानगराचा भाग आहे, आणि उधना, लिंबायतप्रमाणे इथेही यंत्रमागांच्या ओढीने आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. दुकानांवरच्या पाट्या गुजराती, पण गल्लीतले बोलणे कित्येकदा अहिराणी. दिंडोलीनंतर त्या रात्रीचा मुक्काम वांझ.

दुसऱ्या दिवशी धामण आणि नवसारी. सुरत ते नवसारी या पट्ट्यात मिंढोळा आणि पूर्णा या दोन नद्या समुद्राकडे जातात आणि उसाच्या शेतांमागून चिकू-आंब्याच्या वाड्या सुरू होतात. नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होती, त्यामुळे ३ एप्रिलचा मुक्काम ब्रिटिश मुलखाबाहेर पडला. पारशी समाजाचे हे जुने ठाणे. जमशेटजी टाटांचा जन्म १८३९ मध्ये इथलाच.

नवसारीपुढे विजलपोर आणि कराडी. इथपासून जमीन बदलते. झाडी विरळ होते, भरतीचे पाणी आत घेणाऱ्या खाड्या आणि खारवट सपाटी दिसू लागते, वारा समोरून येतो. कोकणातल्या खाजणात वावरलेल्या माणसाला हा भाग लगेच ओळखीचा वाटेल. कराडी-मटवाडहून दांडी अवघे चार मैल.

दांडीत गांधीजी ५ एप्रिलच्या रात्री सैफी व्हिला या घरात राहिले. ते बोहरा समाजाचे धर्मगुरू सैय्यदना ताहेर सैफुद्दीन यांचे होते. ६ एप्रिलच्या सकाळी समुद्रस्नान करून गांधीजींनी मीठमिश्रित चिखल उचलला. किनाऱ्यावरचे मीठ सरकारी माणसांनी आधीच मातीत मिसळून टाकले होते. पुढच्याच महिन्यात सत्याग्रहाचे हे लोण कोकणात शिरोड्याच्या मिठागरांपर्यंत पोहोचले. दांडीचे राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक ३० जानेवारी २०१९ रोजी खुले झाले. आयआयटी मुंबईने त्याच्या आखणीत प्रमुख वाटा उचलला. गांधीजींचा मुख्य पुतळा शिल्पकार सदाशिव साठे यांचा, आणि भोवती यात्रींचे ८० पुतळे आहेत. सौरऊर्जेवर वीज देणाऱ्या झाडांच्या आकृत्या आणि यात्रा सांगणारी २४ भित्तिशिल्पेही तिथे आहेत. पुतळ्यांच्या रांगेत प्रत्येक चेहरा वेगळा आहे, तेथे घाई करू नये.

बहुतेक प्रवासी समुद्र पाहून माघारी फिरतात आणि कराडी मागे टाकतात. खरे तर ती चार मैलांची वाट परत चालून जायला हवी. दांडीनंतर गांधीजी कराडीलाच एका झोपडीत राहायला आले होते. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर पोलीस तिथे आले आणि १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली त्यांना ताब्यात घेतले. रेल्वेने त्यांना बोरिवलीपर्यंत आणले आणि तेथून मोटारीने येरवड्याच्या तुरुंगात नेले.